आउटबोर्ड मोटरमधील इंधनपुरवठ्याचे दोष

आउटबोर्ड मोटर म्हणजे नौकेच्या मागील फळीवर बाहेरच्या बाजूने बसवलेले, इंजिन, दंतचक्रे व पंखा एकाच उभ्या सांगाड्यात सामावणारे यंत्र होय. या यंत्राच्या टाकीपासून सिलिंडरपर्यंतच्या मार्गात अडथळा, हवेची गळती, पाण्याची भेसळ किंवा सुट्या भागांची झीज झाल्यामुळे जे बिघाड उद्भवतात, त्यांना इंधनपुरवठ्याचे दोष म्हणतात. यंत्र सुरू न होणे, भार येताच मंदावणे आणि चालता चालता बंद पडणे ही त्यांची प्रमुख लक्षणे आहेत. यांपैकी पुष्कळ दोष साधे असून क्रमाने तपासणी केल्यास विशेष साधनांवाचून ओळखता येतात.

महत्त्व

कोकणच्या खाड्यांत व किनाऱ्यालगत मासेमारी करणाऱ्या लहान होड्या, प्रवासी नावा आणि आपत्ती निवारण दलांच्या रबरी नौका या यंत्रावर चालतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील महापुरात अडकलेल्या लोकांना बाहेर काढण्यासाठी अशा नौका मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या. रस्त्यावर वाहन बंद पडले तर ते जागेवर थांबते. पाण्यात यंत्र बंद पडले तर नौका वाऱ्याच्या व प्रवाहाच्या स्वाधीन होते. त्यामुळे या दोषांचे ज्ञान केवळ दुरुस्तीपुरते मर्यादित न राहता सुरक्षिततेशी निगडित आहे.

दोन फेऱ्यांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक, इंजिनात या दोषाला आणखी एक पैलू आहे. या प्रकारच्या अनेक इंजिनांत वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. इंधन कमी पोहोचले की तेलही कमी पोहोचते, मिश्रण विरल होऊन तापमान वाढते आणि दट्ट्या सिलिंडरमध्ये घट्ट अडकून बसू शकतो. म्हणून 'थोडे अडखळते, पण चालते' अशा अवस्थेत असे इंजिन पूर्ण वेगाने चालवत राहणे हानिकारक ठरते.

इंधनमार्गाची रचना

अमेरिकेतील मिलवॉकी येथे नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये व्यापारी दृष्ट्या यशस्वी ठरलेली आउटबोर्ड मोटर बाजारात आणली. आरंभीच्या यंत्रांत छोटी टाकी इंजिनावरच असे आणि इंधन गुरुत्वाकर्षणाने खाली उतरे. पुढे टाकी नौकेत वेगळी ठेवण्याची पद्धत आली व इंधन खेचून घेण्याचे काम इंजिनावरील पंपाकडे गेले. आजच्या कार्ब्युरेटरयुक्त यंत्रात इंधनाचा प्रवास साधारणपणे पुढील क्रमाने होतो :

१. टाकी, तिच्या झाकणावरील हवेचे छिद्र व तळाशी पोहोचणारी शोषनळी
२. रबरी नळी व तिच्यावरील प्राइमर बल्ब, म्हणजे हाताने दाबण्याचा रबरी फुगा
३. नळी इंजिनाला जोडणारी खटक्याची जोडणी
४. इंधन गाळणी
५. इंधन पंप
६. कार्ब्युरेटर : इंधनाची वाटी, तरंगक, सुई झडप व जेट नावाची सूक्ष्म छिद्रे

प्राइमर बल्बच्या दोन्ही टोकांना एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. बल्बवरील बाण नेहमी इंजिनाच्या दिशेने असावा लागतो. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेसमधील दाबाच्या चढउतारांनी पंपाचा लवचिक पडदा मागेपुढे हलतो आणि इंधन खेचले जाते. चार फेऱ्यांच्या इंजिनात पंपाला बहुधा कॅमशाफ्टकडून गती मिळते.

इंधन की ठिणगी?

यंत्र बंद पडण्याचे कारण इंधनातच आहे, असे गृहीत धरणे योग्य नव्हे. सर्वप्रथम आपत्कालीन बंद कळीची दोरी जागेवर आहे का आणि टाकीत इंधन आहे का, हे पाहिले जाते. त्यानंतर बंद पडण्याची रीत लक्षात घेतली जाते. इंधन तुटल्यास यंत्र बहुधा आचके देत, वेग कमी होत थांबते. ठिणगी तुटल्यास ते बहुधा कळ दाबल्यासारखे एकदम थांबते.

स्पार्क प्लगही याबाबत साक्ष देतो. अनेकदा प्रयत्न करूनही यंत्र सुरू झाले नाही आणि काढलेला प्लग कोरडा निघाला, तर इंधन सिलिंडरपर्यंत पोहोचलेले नाही. प्लग ओला असेल तर इंधन पोहोचले आहे, परंतु ठिणगी नाही, इंधन अतिरिक्त आहे किंवा त्यात पाणी आहे. चालून थांबलेल्या यंत्राच्या प्लगवरील पांढरट रंग विरल मिश्रणाची व काळी काजळी दाट मिश्रणाची शक्यता सुचवते.

निदानाचा क्रम

तपासणी टाकीकडून इंजिनाकडे करण्याची प्रथा आहे. सोपे व विनाखर्चाचे भाग या क्रमात आधी येतात. कार्ब्युरेटर उघडण्याची वेळ सर्वांत शेवटी येते.

टाकी : झाकणावरील हवेचा स्क्रू बंद राहणे हे अत्यंत नेहमीचे कारण आहे. इंधन बाहेर जाते तितकी हवा आत आली नाही, तर टाकीत निर्वात निर्माण होतो आणि काही मिनिटे व्यवस्थित चाललेले यंत्र थांबते. झाकण सैल करताच हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि यंत्र पुन्हा चालू लागले, तर निदान पक्के होते. शोषनळीच्या टोकाची जाळी गंजाने किंवा गाळाने बुजली असल्यासही असाच परिणाम दिसतो. नौकेत कायम बसवलेल्या काही टाक्यांत इंधन आपोआप वाहून जाऊ नये म्हणून एक झडप असते. ती अडकल्यासही पुरवठा खुंटतो.

प्राइमर बल्ब : बल्ब हा इंधनमार्गाची नाडीच होय. त्याच्या स्पर्शावरून पुढील अनुमाने काढता येतात :

• बल्ब आत खेचला जाऊन चपटा राहतो : अडथळा बल्बच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूस आहे.
• कितीही दाबला तरी घट्ट होत नाही : टाकीकडील बाजूने हवा शिरते आहे, बल्बच्या झडपा निकामी आहेत किंवा पुढे कोठेतरी इंधन वाहून जात आहे.
• दोन-तीन दाबांतच दगडासारखा घट्ट होतो, पण इंजिनात इंधन येत नाही : अडथळा बल्बच्या पलीकडे, म्हणजे जोडणी, गाळणी किंवा सुई झडप येथे आहे.

इंधन भरताना बल्ब बाण वर येईल असा उभा धरल्यास त्याच्या झडपा नीट बसतात आणि बल्ब लवकर घट्ट होतो.

नळी व जोडण्या : शोषणाच्या बाजूस असलेल्या सूक्ष्म चिरेतून इंधन बाहेर गळेलच असे नाही, त्याऐवजी हवा आत ओढली जाते. त्यामुळे 'गळती दिसत नाही, म्हणून नळी चांगली' हा तर्क फसवा ठरतो. इंजिनाच्या जोडणीजवळ पारदर्शक नळीचा छोटा तुकडा तात्पुरता जोडल्यास इंधनासोबत जाणारे बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. जुन्या नळीचे आतील अस्तर सुटून आतला मार्ग बंद होतो, तेव्हाही ती बाहेरून निर्दोष भासते.

दुसऱ्या टाकीची कसोटी : चांगली असल्याची खात्री असलेली दुसरी टाकी, नळी व बल्ब जोडून यंत्र चालवून पाहणे ही अत्यंत निर्णायक कसोटी मानली जाते. दोष नाहीसा झाला तर तो नौकेकडील भागात आहे. कायम राहिला तर तो इंजिनाकडील भागात आहे.

गाळणी व पाणी : गाळणीतील इंधन काचेच्या स्वच्छ बाटलीत घेऊन काही वेळ स्थिर ठेवले जाते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते व दोहोंमधील सीमारेषा स्पष्ट दिसते. पाणी आढळल्यास केवळ गाळणी बदलून भागत नाही. टाकी पूर्ण रिकामी करून कार्ब्युरेटरच्या वाटीतील इंधनही काढावे लागते.

पंप : यंत्र मंदावू लागताच बल्ब हाताने सतत दाबत राहावा. वेग पूर्ववत झाला, तर कार्ब्युरेटर बहुधा ठीक असून पंप अशक्त झाला आहे किंवा पंपाच्या अलीकडे अडथळा अथवा हवेची गळती आहे. काहीच फरक पडला नाही, तर कारण पुढे कार्ब्युरेटरमध्ये किंवा ठिणगीच्या यंत्रणेत शोधावे लागते. टू-स्ट्रोक इंजिनात पंपाचा पडदा फाटल्यास इंधन थेट क्रँककेसमध्ये जाऊन मिश्रण अतिदाट होते. चार फेऱ्यांच्या इंजिनात पंपातून गळलेले इंधन वंगण तेलात मिसळू शकते. तेलाची पातळी न घालता वाढणे आणि त्याला पेट्रोलचा वास येणे ही त्याची खूण आहे. असे तेल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये.

कार्ब्युरेटर : मंद गतीला यंत्र बंद पडते पण वेगात ठीक चालते, तर मंद गतीचे जेट बुजल्याचा संशय घ्यावा. याउलट मंद गती ठीक, पण वेग वाढवताच दम तुटतो, तर मुख्य जेट किंवा अपुरा पुरवठा हे कारण संभवते. सुई झडप बंद अवस्थेत चिकटल्यास वाटी रिकामी राहते. उघडी राहिल्यास इंधन ओसंडून बाहेर येते. जेट साफ करण्यासाठी योग्य द्रावक व दाबाची हवा वापरतात. तारेने टोकरल्यास छिद्राचे माप बदलून दोष कायमचा होऊ शकतो.

इंजेक्शन पद्धतीची यंत्रे : यांत कार्ब्युरेटरच्या जागी बाष्प वेगळे करणारी छोटी टाकी, उच्च दाबाचा विद्युत पंप व इंजेक्टर असतात. टाकीपासून गाळणीपर्यंतची तपासणी वरीलप्रमाणेच करता येते. त्यापुढील भागात इंधन मोठ्या दाबाखाली असल्याने ते काम दाबमापकासह प्रशिक्षित कारागिराकडे सोपवणे उचित असते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

भारतात २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने उपलब्ध होऊ लागले. अनेक आउटबोर्ड मोटरींच्या माहितीपुस्तिकांत मात्र १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलचीच मुभा दिलेली असते. म्हणून पुस्तिका पाहून खात्री करणे आवश्यक ठरते.

इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण विशिष्ट मर्यादेपलीकडे गेले की मिश्रण फुटते : वर पेट्रोल आणि तळाशी पाणी व इथेनॉल असे दोन थर होतात. शोषनळी तळाशी असल्याने इंजिनाला प्रथम तळचा थरच मिळतो. टू-स्ट्रोक यंत्रात मिसळलेले तेल वरच्या पेट्रोलसोबत राहते, त्यामुळे तळच्या थरातून वंगणही मिळत नाही. शिवाय इथेनॉलमुळे जुन्या प्रकारच्या रबराच्या नळ्या, बल्ब व पडदे फुगतात किंवा ठिसूळ होतात. फुटलेले मिश्रण हलवून पुन्हा वापरण्याजोगे होत नाही. ते टाकीतून काढून टाकावे लागते.

केरोसीनवर चालणारी यंत्रे

केरळच्या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार केरोसीनवर चालणारी आउटबोर्ड यंत्रे दीर्घकाळ वापरत आले आहेत. अशी यंत्रे पेट्रोलवर सुरू करून तापल्यानंतर केरोसीनवर नेली जातात आणि थांबवण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणली जातात. हा शेवटचा टप्पा वगळल्यास वाटीत केरोसीन उरते व थंड यंत्र पुढच्या वेळी सुरू होत नाही. अशा वेळी दोष भागांत नसून वापराच्या क्रमात असतो.

सुरक्षितता

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते व नौकेच्या तळाशी साचून राहते. म्हणून उचलता येणारी टाकी नौकेबाहेर, जमिनीवर ठेवून भरावी. तपासणीच्या वेळी विडी, स्टोव्ह व उघडी ज्योत दूर ठेवावी. सांडलेले इंधन पुसून वाफ निघून जाईपर्यंत ठिणगीची चाचणी करू नये. जमिनीवर यंत्र चालवून पाहताना शीतनासाठी पाण्याचा पुरवठा जोडणे अनिवार्य आहे. कोरड्या अवस्थेत पाण्याच्या पंपाचे रबरी चक्र अल्पावधीतच खराब होते. पंख्याजवळ कोणी नाही व यंत्र न्यूट्रलमध्ये आहे, हेही पाहावे लागते.

समुद्रात किंवा पुराच्या पाण्यात यंत्र बंद पडल्यास दुरुस्तीपूर्वी नौका स्थिर करणे हे पहिले काम असते. खोली जुळत असेल तर नांगर टाकावा, वल्ही हाताशी घ्यावीत, सर्वांनी जीवरक्षक जॅकेट घातल्याची खात्री करावी आणि मगच हवेचा स्क्रू, बल्ब, जोडणी व गाळणी या क्रमाने पाहावे. सुटी गाळणी, स्पार्क प्लग, प्लगचा पाना आणि नळीच्या पट्ट्या नौकेत असल्यास यांतील बरेच दोष पाण्यातच दूर करता येतात.

साठवण व प्रतिबंध

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै या काळात बंदी असते. या पावसाळी विश्रांतीत वाटीत राहिलेले पेट्रोल हळूहळू उडून जाते व मागे उरलेला चिकट थर जेटची छिद्रे बुजवतो. दमट हवेमुळे अर्धवट भरलेल्या टाकीत पाणीही साचते. त्यामुळे हंगामाच्या प्रारंभी यंत्र सुरू न होण्याच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा आधीच्या दोन महिन्यांत असते. पूरकाळासाठी राखून ठेवलेल्या आणि वर्षातून क्वचितच वापरल्या जाणाऱ्या यंत्रांनाही हेच लागू पडते.

प्रतिबंधासाठी यंत्र उभे करण्यापूर्वी नळी सोडून, पाण्याचा पुरवठा चालू ठेवून वाटीतील इंधन संपेपर्यंत ते चालवतात किंवा वाटीचा निचरा करतात. टाकी रिकामी करून कोरडी ठेवतात, अथवा इंधनात स्थिरक द्रव्य मिसळतात. हंगामापूर्वी गाळणी बदलणे, नळ्या वाकवून चिरा तपासणे आणि बल्ब घट्ट होतो का हे पाहणे पुरेसे असते. तेल मिसळण्याचे प्रमाण निर्मात्याच्या सूचनेनुसारच ठेवावे. ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल हे प्रमाण अनेक टू-स्ट्रोक यंत्रांत आढळते, पण ते सर्वांना लागू नाही. राखीव यंत्रे ठरावीक अंतराने ताज्या इंधनावर चालवून पाहणे हा सर्वांत खात्रीचा उपाय समजला जातो.

हे सुद्धा पहा

• अंतर्ज्वलन इंजिन
• कार्ब्युरेटर
• टू-स्ट्रोक इंजिन
• इथेनॉल