पराभूतांचे स्मरण : बाबुराव शेडमाके आणि १८५८ चा चांदा (थ्रेड)

१/
२१ ऑक्टोबर १८५८. चांद्याच्या तुरुंगाच्या आवारातील पिंपळाला पंचवीस वर्षांच्या एका गोंड जमीनदारास फाशी देण्यात आली. त्यांचे नाव बाबुराव शेडमाके. लढा उभा राहिल्यापासून आठ महिनेही झाले नव्हते. लष्करी हिशेबाने हा संपूर्ण पराभव. तरीही चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत हे नाव आजही श्रद्धेने घेतले जाते. असे का, हे समजून घेण्यासाठी हा थ्रेड.

२/
डिसेंबर १८५३ मध्ये नागपूरकर तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. पुढच्याच वर्षी डलहौसीने त्यांचे राज्य खालसा केले आणि चांदाही कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मुलखाचा कारभार पाहणाऱ्या गोंड जमीनदारांच्या डोक्यावर आता डेप्युटी कमिशनर आला.

३/
मोलमपल्ली ही अहेरी भागातील एक लहानशी जमीनदारी. तेथील बाबुरावांनी गोंड आणि रोहिल्यांची फौज जमवली व मार्च १८५८ मध्ये राजगड परगण्यावर चाल केली. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. कंपनीच्या फौजेशी गाठी पडल्या, पण बंड मोडले नाही. २९ एप्रिल रोजी प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तार खात्याच्या छावणीवर हल्ला झाला. त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले. पीटर नावाचा तिसरा निसटला.

४/
डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने मग निराळी वाट धरली. या अरण्यात शिरून बाबुरावांना शोधणे फौजेला अवघड होते. येथील माणसांना ते सोपे होते. त्याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला. बाबुराव एकदा पकडले जाऊन निसटले, परंतु १८ सप्टेंबरला पुन्हा सापडले आणि क्रिक्टनच्या हवाली झाले. व्यंकटराव बस्तरकडे गेले. १८६० मध्ये तेही पकडले गेले.

५/
लक्ष्मीबाईंना ‘फितूर’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. नकार दिला असता तर स्वतःची जमीनदारी धोक्यात आली असती, हेही ध्यानात घ्यावे लागते. लढणाऱ्यांच्या अंगी धैर्य होते. शेजारच्या जमीनदाऱ्यांचे हित मात्र या लढ्याशी बांधले गेले नव्हते. क्रिक्टनने नेमकी तीच फट हेरली.

६/
पराभवानंतरच्या श्रद्धेची एक प्राचीन कथा बायबलमध्ये आहे. गिलबोवाच्या डोंगरावर पलिष्ट्यांनी इस्राएलचा राजा शौल याचा पराभव केला. त्याचे तीन पुत्र मारले गेले आणि शौलाने स्वतःच्याच तलवारीवर पडून प्राण दिला. शत्रूंनी त्याचे प्रेत बेथ-शानच्या तटावर टांगले. तेव्हा याबेश-गिलादचे वीर रात्रभर चालत गेले, राजाचे व त्याच्या पुत्रांचे देह उतरवून त्यांनी आपल्या गावी आणले, अस्थी एका झाडाखाली पुरल्या आणि सात दिवस उपवास केला. युद्ध केव्हाच हरले होते. या धाडसाने एक इंच भूमीही परत मिळणार नव्हती. पण शौलाने एके काळी त्यांचे नगर वाचवले होते. ते ऋण त्यांनी फेडले.

७/
चांद्याच्या जंगलालाही ही रीत परकी नाही. ताडोबा हे नाव ज्या तारूवरून पडले, तो आख्यायिकेनुसार वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख. झुंजीत वाघ जिंकला, देव मात्र तारू झाला. तलावाकाठी झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौषात तेथे आदिवासी भाविकांची जत्रा भरत आली आहे. देवत्वासाठी येथे विजयाची अट नाही. जो गावासाठी पुढे झाला, तो पूजनीय.

८/
बाबुरावांचे स्मरण याच परंपरेत पाहावे लागते. २००७ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. सरकारी सन्मानाला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. लोकांनी एवढी वाट पाहिली नाही. गाणी आणि कथांतून त्यांनी हे नाव जपले. दरवर्षी २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या कारागृहातील त्या पिंपळापाशी माणसे अभिवादनाला येतात. ज्या झाडाला कंपनी सरकारने दहशतीची खूण केले, ते झाड लोकांनी आपले श्रद्धास्थान करून घेतले. हा लढा क्रिक्टनला जिंकता आला नाही.