अंग जुने, इंजिन नवे

मोटारीच्या सांगाड्यातून मूळचे इंजिन उतरवून त्या जागी दुसऱ्याच जातीच्या गाडीचे इंजिन बसवण्याचे काम महाराष्ट्रात गेली अनेक दशके चालत आले आहे. मोटारींच्या इतिहासात कारखाने, मालक आणि नवनवी मॉडेले यांचा तपशील सविस्तर सापडतो, पण या कामाची नोंद बहुतेक वेळा आरसी बुकातल्या इंजिन क्रमांकाच्या दुरुस्तीपुरतीच उरते. युरोपात हे काम प्रामुख्याने वेगाच्या हौसेने वाढले. बेर्तोने या कंपनीने आरेखन केलेली फियाट एक्स१/९ ही १९७२ सालची छोटी, दोन आसनी इटालियन स्पोर्ट्स कार १२९० सीसीच्या इंजिनावर चालत असे, आणि पुढे १९८५ मध्ये आलेल्या फियाट ऊनो टर्बोचे १३०१ सीसीचे, सुमारे १०५ अश्वशक्तीचे इंजिन तिच्यात बसवण्याची चाल तिकडच्या हौशी मंडळींत पडली. ही दोन्ही इंजिने आउरेलिओ लाम्प्रेदी या अभियंत्याने फियाट १२८ साठी रचलेल्या एकाच कुळातली असल्याने ती बऱ्याच अंशी एकमेकांच्या जागी जुळतात. महाराष्ट्रात मात्र इंजिन बदलले गेले ते वेगासाठी नव्हे, तर पंपावरच्या भावासाठी; आणि म्हणूनच या कामाचा इतिहास हौसेच्या नव्हे, पोटापाण्याच्या इतिहासात मोडतो.

टर्बो या यंत्राची ओळख येथेच करून देणे सोयीचे आहे. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एका छोट्या चक्राला फिरवतो, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेले चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते, आणि हवा जास्त गेली की तेवढ्याच आकाराच्या सिलिंडरात इंधनही जास्त जाळता येते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो, त्यामुळे त्याच्या बेअरिंगला सतत स्वच्छ ऑइल लागते. शिवाय दाबलेली हवा तापत असल्याने पेट्रोल इंजिनात इंधन अवेळी पेटून ठोके बसण्याचा धोका असतो. जुन्या इंजिनावर नुसता टर्बो चढवण्यापेक्षा टर्बोसाठीच घडवलेले अख्खे इंजिन बसवणे लोक पसंत करतात, त्याचे कारण हे आहे.

महाराष्ट्रातील इटालियन मोटारीची कथा कुर्ल्यात सुरू होते. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आरंभी अमेरिकन गाड्यांची जुळणी केली आणि पन्नाशीच्या दशकात फियाटशी करार केला. १९५४ पासून आलेल्या फियाट ११०० ला तिच्या गोलसर, फुगीर अंगामुळे लोकांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले, आणि या नावात तुच्छता कमी व माया अधिक होती. १९६४ मध्ये चौकोनी अंगाची ११०० डी आली. फियाटचे नाव उतरल्यावर तीच गाडी काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून विकली गेली. इटलीतल्या ११०० डी मध्ये १२२१ सीसीचे इंजिन होते. कुर्ल्याच्या गाडीत मात्र नव्या अंगाखाली जुने १०८९ सीसीचेच इंजिन राहिले. अडुसष्ट मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरांत पिस्टनची पंच्याहत्तर मिलिमीटरची धाव असलेले आणि जेमतेम चाळीस अश्वशक्ती देणारे हे इंजिन मुळात १९३७ च्या फियाटपासून चालत आलेले होते, म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावर धावणारी पद्मिनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची रचना पोटात वागवत होती.

इंजिन बदलण्याचे काम गॅरेजवाल्यांच्या आधी खुद्द कारखान्यानेच किती मोकळेपणाने केले, याचे सर्वात बोलके उदाहरण म्हणजे १९८५ ची प्रीमियर ११८ एनई. हिचे अंग फियाट १२४ चे, म्हणजे १९६७ मध्ये युरोपातील वर्षाची सर्वोत्तम मोटार ठरलेल्या गाडीचे, आणि तेही स्पेनच्या सेआत कंपनीने वापरलेल्या साच्यांवरून आलेले. आत मात्र जपानच्या निस्सानचे ए-१२ जातीचे ११७१ सीसीचे इंजिन आणि निस्सानचाच गिअरबॉक्स होता. ‘एनई’ ही अक्षरे निस्सान इंजिनाचीच असल्याचे सांगितले जाते. इटलीत रचलेली, स्पेनमार्गे आलेली, जपानी इंजिनाची आणि मुंबईत बांधलेली ही गाडी शहरी मध्यमवर्गाने आपली म्हणून स्वीकारली, आणि तिच्या अंगात परके इंजिन असल्याची खंत कोणी केली नाही. याच कंपनीने १९९६ मध्ये पद्मिनीच्या अंगात इटलीच्या एफएनएम कंपनीचे १३६६ सीसीचे डिझेल इंजिन घालून १३७ डी ही गाडी काढली. तोवर टॅक्सीवाले मात्र कितीतरी पुढे गेलेले होते.

डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त असल्यामुळे दिवसभर धावणाऱ्या टॅक्सीच्या मालकाला डिझेल इंजिन बसवण्याचा खर्च लवकर वसूल होत असे, म्हणून मुंबईतल्या अनेक काळ्या-पिवळ्या फियाटी पेट्रोलवरून डिझेलवर गेल्या. शहरातील हवेच्या प्रदूषणाबाबत मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये नेमलेल्या लाल समितीनंतर वारे फिरले आणि टॅक्सी सीएनजीवर, म्हणजे सुमारे २०० बार दाबाने टाकीत भरलेल्या नैसर्गिक वायूवर आल्या. त्या जाडजूड टाकीने डिकी व्यापून टाकली आणि प्रवाशांच्या ट्रंका, वळकट्या टपावरच्या कॅरिअरवर चढल्या. परगावाहून मुंबईत उतरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर टॅक्सीचे जे चित्र राहिले, त्यात इंधनबदलाचा हा वाटा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली.

जमिनीपासून थोड्याच उंचीवर चालणारी फियाट राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या अहेरीच्या बाजूच्या रस्त्यांसाठी मात्र घडवलेली नव्हती. प्राणहितेच्या काठचे अहेरी हे पूर्वीच्या चांदा, म्हणजे चंद्रपूर, जिल्ह्यातील सर्वात मोठ्या जमीनदारीचे ठाणे होते आणि आलापल्लीचे सागवान त्याला लागूनच आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हाही या नव्या जिल्ह्यात रेल्वे होती ती फक्त उत्तर टोकाला वडशाला. सिरोंचा, एटापल्ली, भामरागड या दिशांना जाणारा माणूस आणि माल रस्त्यानेच जात होता, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटत होता, आणि अशा मुलखात वाहन म्हणजे जीप असे समीकरण बसले.

महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि त्या जीपच्या अंगातच इंजिनबदलाची एक खूण कायमची राहिलेली आहे. युद्धकाळातल्या विलीजचे इंजिन ठेंगणे होते, कारण त्याच्या दोन्ही प्रकारच्या व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला बसवलेल्या होत्या. पुढे तितक्याच, म्हणजे २१९९ सीसी क्षमतेच्या नव्या ‘हरिकेन’ इंजिनात हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेल्या, इंजिन उंच झाले, आणि ते मावावे म्हणून सीजे-३बी या जीपचे बॉनेट चांगलेच वर उचलावे लागले. महिंद्रची जी जीप वनखात्यात आणि कोर्ट-कचेऱ्यांच्या आवारात दिसे, तिचा तो उभट चेहरा म्हणजे इंजिनासाठी अंगाने घेतलेले वळण होते.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल कडाडले आणि ही तहानलेली पेट्रोल जीप परवडेनाशी झाली. महिंद्रने प्यूजोच्या परवान्याने एक्सडीपी ४.९० हे २११२ सीसीचे डिझेल इंजिन आणले, आणि ऐंशीच्या दशकात एमएम ५४० सारख्या जीपा त्यावर निघाल्या. ज्यांच्याकडे जुन्या पेट्रोल जीपा होत्या त्यांनी मॅटाडोर व्हॅनचे किंवा मिळेल ते डिझेल इंजिन बसवून घेतले. जंगलपट्ट्यात या बदलाचा लाभ दुहेरी होता. पेट्रोल इंजिन ठिणगीवर चालते, आणि नाला ओलांडताना डिस्ट्रिब्युटरवर पाणी उडाले की करंट जाऊन गाडी पाण्याच्या मधोमध बंद पडते. डिझेल मात्र दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच पेटते, त्याला प्लग नाही आणि डिस्ट्रिब्युटरही नाही, त्यामुळे हवा घेणारे तोंड पाण्याच्या वर राहिले तर इंजिन चालत राहते. कमी फेऱ्यांवर मिळणारी त्याची ओढ चिखलातही उपयोगी पडते.

बदलाची किंमत मात्र इंजिनाच्या बाहेर, आसपासच्या भागांत मोजावी लागे. चेन-पुलीने जुने इंजिन उचलून काढल्यावर मिस्त्रीला प्रथम फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरी पायांवर बसते ते आधार, नव्या जागी वेल्ड करावे लागत. मग इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये लेथवर कातलेली पट्टी घालून दोघांची मध्यरेषा जुळवावी लागे, कारण तेथे जरा फरक राहिला तरी क्लच थरथरतो आणि बेअरिंग खाल्ले जाते. डिझेल इंजिन जड असल्याने पुढच्या कमानपाट्यांत एक पाटा वाढवावा लागे. सर्वात चिवट अडचण मागच्या धुरीतल्या क्राउन-पिनियनची होती: विलीजमध्ये इंजिनाकडून येणारा दांडा ५.३८ वेळा फिरला की चाक एकदा फिरते, हे प्रमाण चार हजार फेऱ्यांच्या पेट्रोल इंजिनासाठी होते, आणि संथ फेऱ्यांच्या डिझेलवर तीच जीप सपाट रस्त्यावर ओरडत धावे आणि तरी तिचा वेग वाढत नसे. पुस्तके, नकाशे हाताशी नसताना ही गणिते केवळ हाताच्या अंदाजाने सोडवणाऱ्या मिस्त्र्यांचे ज्ञान अभियांत्रिकीच्या इतिहासात मानाने नोंदले जायला हवे.

कायद्याने या कामाला पुढे चौकट घातली. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. वेगळ्या इंधनावर चालण्यासाठी ठरलेल्या अटींवर केलेल्या बदलाला तेवढी मुभा आहे. दुसरी, अधिक पक्की चौकट इलेक्ट्रॉनिक्सने घातली. पुण्याजवळच्या रांजणगावात फियाट आणि टाटा यांच्या कारखान्यात बनलेल्या १२४८ सीसीच्या मल्टिजेट डिझेल इंजिनात टर्बो मुळातच होता आणि त्याचे इंधन संगणक मोजून देत असे. असे इंजिन दुसऱ्या गाडीत बसवायचे म्हणजे त्याचा संगणक, तारांचा अख्खा जुडगा आणि किल्लीतला सांकेतिक क्रमांकही सोबत न्यावा लागतो.

इटालियन अंगात टर्बो बसवण्याची युरोपीय हौस अहेरीपर्यंत आली नाही, पण टर्बो तेथे आला तो कारखान्यातूनच तयार होऊन, बोलेरोच्या आणि सुरजागडचे लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांच्या बॉनेटखाली. जुन्या उभट बॉनेटाच्या जीपा त्यांच्या शेजारून जातात, तेव्हा हरिकेनसाठी उचललेल्या त्या पत्र्याखाली डिझेल इंजिन असते आणि मागच्या धुरीत बहुधा तेच ५.३८ चे क्राउन-पिनियन.