आदेश आणि निवाड्यांचे इंग्रजी शब्द (चिनी भाषक अभ्यासकांसाठी)

ऑर्डर, डिक्री, एडिक्ट, मँडेट, ऑर्डिनन्स, रिट, इन्जंक्शन, रूलिंग, जजमेंट, व्हर्डिक्ट इत्यादी इंग्रजी शब्दांचा समूह. राज्यसत्तेने किंवा न्यायालयाने दिलेली आज्ञा वा निर्णय, असा या साऱ्यांचा ढोबळ अर्थ. इंग्रजी शिकणाऱ्या चिनी भाषकांना हा समूह जड जातो, त्याला शिकवण्याची पद्धतही जबाबदार आहे. चीनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय इंग्रजी परीक्षा १९८७ पासून घेतली जाते. अमेरिकेत शिकायला जाणारे जीआरई या प्रवेशपरीक्षेसाठी शब्दयाद्या घोकतात. यू मिनहोंग या इंग्रजी शिक्षकांची शब्दावली तर ‘लाल पुस्तक’ या टोपणनावानेच ओळखली जाते. शब्दयाद्यांत डिक्री, एडिक्ट, ऑर्डिनन्स यांच्यापुढे बहुधा एकच चिनी शब्द येतो : फालिंग, म्हणजे कायद्याचे बळ असलेला हुकूम. घोकायला हे सोयीचे आहे. पण इंग्रजीत हे शब्द हुकूम कोणी काढला यावरून वेगळे होतात आणि नेमके तेच यादीत नसते.

खुद्द चिनी भाषेत या बाबतीत शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. इ.स.पू. २२१ मध्ये चिन शी हुआंगने सम्राटपद धारण केले तेव्हा राजाज्ञेची जुनी नावे बदलून ‘झी’ आणि ‘झाओ’ ही नावे केवळ सम्राटाच्या आज्ञांसाठी राखून ठेवली. हान काळात सम्राटाच्या लेखांचे चार प्रकार मानले जात. पुढे कांगशी सम्राटाने १६७० मध्ये सोळा उपदेशवचने जारी केली. त्यांचा विल्यम मिल्न या मिशनऱ्याने केलेला इंग्रजी अनुवाद १८१७ मध्ये ‘सेक्रेड एडिक्ट’ या नावाने निघाला. चीनच्या सम्राटाची आज्ञा म्हणजे एडिक्ट, हे समीकरण इंग्रजीत असे रुळत गेले. आज या शब्दाला दरबारी वास आहे. ‘मंत्रालयाने एडिक्ट काढले’ असे विद्यार्थी सरळ मनाने लिहितो आणि इंग्रज वाचकाला त्यात मनमानी कारभाराचा टोमणा दिसतो.

हुकमाचे नाव हा दोन देशांतील भांडणाचा विषय होऊ शकतो, हे कँटनमध्ये दिसले. १८३४ मध्ये ब्रिटिश व्यापाराचा मुख्य अधीक्षक म्हणून आलेल्या लॉर्ड नेपियरने तिथल्या व्हाइसरॉयला थेट पत्र पाठवले. चिनी अधिकाऱ्यांच्या मते परदेशी माणसाने ‘पिन’, म्हणजे खालच्याने वरच्याला करायचा अर्ज, द्यायला हवा होता, तोही परवानाधारक हाँग व्यापाऱ्यांमार्फत. पत्र स्वीकारले गेले नाही, व्यापार थांबवण्यात आला आणि आजारी नेपियर त्याच वर्षी ऑक्टोबरात मकाऊमध्ये मरण पावला. ब्रिटिश ही गोष्ट विसरले नाहीत. पहिल्या अफू युद्धानंतरच्या १८४२ च्या नानजिंग तहाचे अकरावे कलम पत्रव्यवहाराच्या नावांनाच वाहिलेले आहे. ब्रिटनचा मुख्य अधिकारी आणि चिनी उच्चाधिकारी यांच्यातील पत्राला ‘कम्युनिकेशन’ म्हणावे, चिनीत ‘झाओहुई’. कनिष्ठ ब्रिटिश अधिकाऱ्याने वर लिहिले तर ‘स्टेटमेंट’, चिनी उच्चाधिकाऱ्याने त्याला लिहिले तर ‘डिक्लरेशन’. व्यापाऱ्यांच्या वाट्याला मात्र ‘रिप्रेझेंटेशन’ आले आणि त्याच्या चिनी नावात तो जुना ‘पिन’ तसाच राहिला. १८५८ च्या त्येनजिन तहाने पुढची पायरी गाठली : अर्थाबाबत मतभेद झाला, तर ब्रिटिश सरकार इंग्रजी मजकूरच खरा धरील.

आजच्या चीनमधील प्रशासकीय लेखांचे वर्गीकरण २०१२ च्या नियमावलीत आहे. तिच्यात पक्ष आणि शासन यांच्या लेखांचे पंधरा प्रकार दिले आहेत. ‘मिंगलिंग’, म्हणजे रीतसर हुकूम, हा त्यांपैकी एकच. रोजच्या सूचना ‘थोंगझी’ म्हणून निघतात आणि धोरणाचे मार्गदर्शन ‘यीजियेन’ म्हणून. यांची इंग्रजी भाषांतरे ‘नोटिस’ आणि ‘ओपिनियन्स’ अशी केली जातात. इंग्रज वाचकाला ओपिनियन म्हणजे कोणाचे तरी मत वाटते. खालच्या कार्यालयाला ते पाळावे लागते, हे त्याच्या लक्षात येत नाही. इथे चूक विद्यार्थ्याची नाही, रूढ भाषांतराची आहे. शासकीय मजकुरात ते नाव ठेवण्यावाचून गत्यंतर नसले, तरी बातमी लिहिताना ‘डायरेक्टिव्ह’ किंवा ‘गाइडलाइन’ अधिक खरे ठरते.

न्यायालयाच्या भाषेत घोटाळा वाढतो. मुख्यभूमी चीनमध्ये वादाच्या मुख्य प्रश्नावरचा निर्णय ‘पानज्युए’, मुख्यतः कार्यपद्धतीविषयीचा ‘त्साइदिंग’ आणि काही ठरावीक बाबींपुरता ‘ज्युएदिंग’ असतो. इंग्रजीत यांना अनुक्रमे जजमेंट, रूलिंग आणि डिसिजन म्हणण्याचा प्रघात आहे. हा फरक नुसता कागदी नाही. दिवाणी दाव्यात जजमेंटवर अपील करायला १५ दिवस मिळतात, ज्या रूलिंगवर अपील चालते तिथे १०. फौजदारीत १० आणि ५. इंग्रजी वृत्तपत्र मात्र रूलिंग हा शब्द सर्वोच्च न्यायालयाच्या अंतिम निकालालाही सर्रास वापरते. त्यामुळे ‘रूलिंग म्हणजे त्साइदिंग’ एवढे पाठ केलेला विद्यार्थी ती बातमी वाचून, मुख्य निकाल अजून लागायचा आहे, अशी समजूत करून घेतो. उलट बाजूचे उदाहरण कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे. १ मार्च २०१६ पासून लागू झालेल्या या कायद्यातील संरक्षण आदेशाच्या नावात हुकूमवाचक ‘लिंग’ हे अक्षर आहे, पण न्यायालय तो देते त्साइदिंगच्या रूपात. इंग्रजीत त्याला प्रोटेक्शन ऑर्डर म्हणावे. रूलिंग म्हटल्यास कोणालाच बोध होणार नाही.

हाँगकाँगमध्ये तीच अक्षरे वेगळे काम करतात. तिथे इंग्रजी परंपरेचा कायदा चालतो, १९८९ पासून नवे कायदे दोन्ही भाषांत होऊ लागले, आणि जुन्या इंग्रजी कायद्यांचे चिनी पाठ १९९७ पर्यंत तयार झाले. मुख्यभूमीत ‘त्साइदिंग’ म्हणून वाचली जाणारी दोन अक्षरे हाँगकाँगच्या बातमीत आरोपी दोषी ठरल्याचे सांगतानाही येतात. इन्जंक्शनला तिथे स्वतंत्र चिनी संज्ञा आहे आणि व्हर्डिक्ट तिथे खरोखर ज्युरी देते. मुख्यभूमीत तशी ज्युरी नाही. नागरिक-सहाय्यक न्यायाधीशांबरोबर एकाच पीठावर बसतात. तेव्हा शांघायमधील निकालाला व्हर्डिक्ट म्हणणे बातमीत खपते, कायद्याच्या निबंधात खपू नये.

क्रियापदे हा परीक्षेत गुण घालवणारा भाग. चिनीत पानज्युए, त्साइदिंग, ज्युएदिंग या तिन्हींना ‘त्स्वोछू’, म्हणजे करणे-देणे, हे एकच क्रियापद पुरते. इंग्रजीत ज्युरी व्हर्डिक्ट ‘रिटर्न’ करते, न्यायाधीश जजमेंट ‘डिलिव्हर’ करतो, रूलिंग ‘हँड डाउन’ होते, इन्जंक्शन ‘ग्रँट’ होते आणि समन्स ‘सर्व्ह’ होते. मागे घेण्याचेही तसेच : चिनी ‘छशियाओ’ बहुतेक ठिकाणी चालते, पण इंग्रजीत रूलिंग ओव्हरटर्न होते, ऑर्डर क्वॉश किंवा रिसिंड होते, इन्जंक्शन लिफ्ट होते. शिवाय चिनी क्रियापदाला रूपे नसल्यामुळे ‘द कोर्ट ऑर्डर्ड दॅट ही बी रिलीज्ड’ यातला ‘बी’ विद्यार्थ्याला छापील चूक वाटतो. तो तिथे ‘वॉज’ घालतो आणि न्यायालयाने सोडायला सांगितलेला माणूस वाक्यात आधीच सुटून बसतो.

मँडेटला दोन तोंडे आहेत. चिनी इतिहासातील ‘थ्येनमिंग’, म्हणजे राज्य करण्याचा स्वर्गदत्त अधिकार, याला इंग्रजीत ‘मँडेट ऑफ हेवन’ म्हणतात. आजच्या राजकारणात मात्र हा शब्द जनादेशासाठी येतो. क्रियापद म्हणून तो सक्ती दाखवतो.

सर्वांत फसवा शब्द ऑर्डिनन्स. हाँगकाँगमध्ये तो विधिमंडळाचा कायमचा कायदा आहे, अमेरिकेत नगर परिषदेचा. भारतात तो अध्यादेश : संसदेचे अधिवेशन नसताना राष्ट्रपती अनुच्छेद १२३ अन्वये तो काढतात आणि मंजुरी न मिळाल्यास संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांनी तो संपतो. हाँगकाँग ज्या चिनी शब्दाने ऑर्डिनन्स दाखवते तो ‘थ्याओली’ मुख्यभूमीत बहुधा मंत्रिपरिषदेच्या नियमांना लावतात आणि त्याचे इंग्रजी ‘रेग्युलेशन्स’ करतात.

डिक्री भारतीय इंग्रजीत जिवंत आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २ मध्ये डिक्री, जजमेंट आणि ऑर्डर यांच्या स्वतंत्र व्याख्या आहेत. मराठीत त्यांना हुकूमनामा, न्यायनिर्णय आणि आदेश म्हणतात. इंग्लंडने घटस्फोटाच्या कायद्यातून हा शब्द ६ एप्रिल २०२२ पासून काढला : डिक्री निसायची जागा कंडिशनल ऑर्डरने आणि डिक्री अ‍ॅब्सोल्यूटची फायनल ऑर्डरने घेतली. जुन्या शब्दयादीत ही दोन नावे इंग्लंडची चालू नावे म्हणून छापलेली असल्यास ती तिथून खोडावीत आणि, जिथे ती अजून चालतात, त्या हाँगकाँगच्या रकान्यात लिहावीत.