तेनपो : दोन ग्रंथ आणि एक लेखनिक

जपानमध्ये मोठे संकट ओढवले की सम्राटाच्या दरबारातून युगाचे नावच बदलण्याची प्रथा होती. १८३० साली क्योतोला भूकंपाने हादरवले आणि त्यापाठोपाठ 'तेनपो' हे नाव आले. अर्थ, स्वर्गाने केलेले रक्षण. पण १८३३ पासून भाताची पिके बुडू लागली. १८३७ मध्ये ओशिओ हेइहाचिरो या ओसाकाच्या विद्वानाने आपला ग्रंथसंग्रह विकून ते पैसे भुकेल्यांना वाटले आणि मग बंड पुकारले. त्या आगीत निम्म्यापर्यंत नव्हे, तरी शहराचा बराच भाग जळाला.

साहित्याचे अभ्यासक म्हणून आपण तेनपोकडे वळतो ते बहुधा १८४१ च्या सुधारणांमुळे. शोगुनचा मंत्री मिझुनो तादाकुनी याने काटकसर आणि नीती यांचा बडगा उगारला. काबुकीची नाट्यगृहे एदोच्या मध्यवस्तीतून कडेच्या आसाकुसात हलवली गेली. प्रेमकथा लिहिणाऱ्या तामेनागा शुन्सुइला १८४२ मध्ये ५० दिवस हातकड्यांची शिक्षा झाली. र्‍युतेई तानेहिको १८२९ पासून 'गेन्जी'च्या प्राचीन कथेला नवा, सचित्र वेश चढवून ती भागाभागाने प्रसिद्ध करीत होता. नायकाच्या आडून शोगुन इएनारीचा जनानखाना रंगवला आहे, अशी कुजबुज होती. १८४२ मध्ये हे प्रकाशन बंद पडले, आणि त्याच वर्षी तानेहिको वारला.

नेमक्या त्याच वर्षी एक दुसरा ग्रंथ पुरा झाला. क्योकुतेई बाकिनची 'हाक्केनदेन' ही आठ वीरांची प्रदीर्घ कथा १८१४ पासून प्रसिद्ध होत होती. यावरून सोपा निष्कर्ष निघतो : नीतीचा ग्रंथ तरला, शृंगाराचा बुडाला. हा निष्कर्ष आम्हाला अपुरा वाटतो. सत्तेच्या मर्जीने ग्रंथ रोखला जातो हे खरे. पण केवळ तिने रोखला नाही म्हणून तो पुरा होत नाही.

कारण शेवटच्या टप्प्यात बाकिन आंधळा झाला होता. मुलगा १८३५ मध्येच गेला होता. उरली त्याची विधवा, ओमिची. सासरा सांगे आणि सून लिही. तिला चिनी लिपिचिन्हे फारशी येत नव्हती आणि बाकिनची भाषा तर त्यांनी खच्चून भरलेली. डोळ्यांनी दाखवता न येणारे अक्षर त्याने शब्दांनी समजावायचे, तिने ते चाचपडत कागदावर उतरवायचे. आपल्याला व्यास आणि गणपती आठवणारच. मात्र गणपतीला अक्षरे शिकवावी लागली नव्हती! आणि गणपतीला घरही चालवायचे नव्हते. हा सारा त्रास बाकिनने ग्रंथाच्या अखेरीस स्वतःच नोंदवून ठेवला आहे, म्हणून निदान आपल्याला तो ठाऊक आहे.

'लेखक' या शब्दात आपण रचणारा आणि लिहिणारा असे दोघे कोंबतो. 'हाक्केनदेन'च्या शेवटच्या भागांबाबत हा शब्द कोणाला लावायचा? वर्गात हा प्रश्न आम्हाला मिझुनोच्या हुकुमांपेक्षा अवघड जाईल.

१८४३ मध्ये मिझुनो पदावरून गेला, १८४४ मध्ये तेनपो हे नावही गेले. बाकिन १८४८ मध्ये वारला. त्यानंतर त्या घराची रोजनिशी ओमिचीने स्वतःच्या शब्दांत चालू ठेवली.