छेडलेल्या तारेची व्याख्या

अकरावीच्या वर्गात केवल मूल्याचं फंक्शन फळ्यावर येतं. एक्स शून्य किंवा शून्याहून मोठा असेल तर उत्तर एक्स, लहान असेल तर उणे एक्स. लगेच कुणीतरी विचारतं, "सर, ही दोन फंक्शन्स झाली ना?" ही शंका अडाणीपणाची मुळीच नाही. अठराव्या शतकाच्या मध्यात द'अलाँबेरसारखा गणिती नेमका याच मुद्द्यावर अडून बसला होता, आणि निमित्त होतं ताणलेल्या तारेचं.

तारेच्या कंपनाचं समीकरण त्याने १७४७ साली मांडलं. तार मधोमध बोटाने उचलली की दोन सरळ रेषा आणि मध्ये एक टोक असा आकार होतो. केवल मूल्याचा आलेख उलटा केला की हाच आकार मिळतो! द'अलाँबेर म्हणे, तारेचा सुरुवातीचा आकार एकाच सूत्रात बसला पाहिजे. ऑयलर म्हणे, हाताने काढलेली कुठलीही रेघ चालेल. तार सूत्र विचारून हलत नाही.

गंमत अशी, की खुद्द ऑयलरने १७४८ च्या ग्रंथात फंक्शन म्हणजे सूत्रच, असं लिहिलं होतं. १७५५ च्या ग्रंथात मात्र त्याची व्याख्या सैल झाली: एक राशी बदलली की तिच्यावर अवलंबून असलेली दुसरी बदलते, एवढंच. सात वर्षांत हा पालट कशाने झाला? माझ्या मते तारेने.

यावर आक्षेप येतो, की नंतरही ऑयलर बहुतेक सूत्रंच हाताळत होता. खरी आधुनिक व्याख्या डिरिक्लेची, १८३७ ची. मला हे पटत नाही. डिरिक्ले तिथे अखंड फंक्शनबद्दलच बोलतो; सर्वसाधारण व्याख्येचं श्रेय त्याला हांकेलने १८७० मध्ये दिलं. शिवाय डिरिक्ले झगडत होता तो फूरियेच्या श्रेणींशी. साइन वक्रांची बेरीज करण्याची ती कल्पना डॅनियल बर्नुलीने १७५३ मध्ये मांडली होती, तीही याच तारेच्या वादात. म्हणजे डिरिक्लेला मूळपुरुष मानलं तरी वंशावळ तारेपाशीच पोचते.

पुढचं सर्वश्रुत आहे. १९०५ च्या मेरान अभ्यासक्रमातून फेलिक्स क्लाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फंक्शनचा विचार जर्मन शाळांच्या गणिताच्या केंद्रस्थानी आणला, आणि १९६० च्या दशकातल्या 'नव्या गणिता'ने फंक्शन म्हणजे क्रमित जोड्यांचा संच, ही व्याख्या मुलांच्या हाती दिली. व्याख्या निर्दोष झाली. तिच्यामागचं भांडण मात्र पुस्तकातून गेलं.

म्हणून शिक्षकांना विनंती: क्रमित जोड्या थोड्या थांबू द्या. आधी टेबलाच्या दोन पायांना एक दोरी ताणून बांधा, मधोमध उचला, आणि हिच्या आकाराला सूत्रं किती लागतील ते मुलांना विचारा. "दोन" असं उत्तर आलं, की द'अलाँबेर आणि ऑयलर यांचा वाद सांगा आणि बाजू मुलांनाच निवडू द्या.