बिट्टी आणि लघवीची गोळी

अहिल्यानगर जिल्ह्यात शेताच्या बांधाला, शाळेच्या कुंपणाला बिट्टी हमखास दिसते. तिलाच पिवळी कण्हेर म्हणतात. फूल घंटेसारखं, पान तोडलं की पांढरा चीक, शेळीही तोंड लावत नाही. पोरं जिच्याशी खेळतात त्या तिकोनी, टणक बीत हृदयावर थेट काम करणारी द्रव्यं आहेत; इंग्रज डॉक्टर विल्यम विदरिंगने १७८५ साली अंगावरच्या सुजेसाठी पुढे आणलेल्या डिजिटॅलिसच्याच जातकुळीतली. त्यांतल्या पेरुव्होसाइडचा वापर १९७०च्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये हृदय थकलेल्या रुग्णांवर करूनही पाहिला गेला. तरी गावाला बिट्टी ठाऊक आहे ती विष म्हणून. गुण देणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांत अंतर थोडं, त्यात प्रत्येक बीतलं द्रव्य सारखं नाही. माझ्या मते या औषधांचा इतिहास झाडांचा कमी आणि मापाचा जास्त आहे. आणि मापाला राखणदार लागतो.

यावर कुणी म्हणेल, हृदयासाठी अर्जुनाची साल आणि सुजेसाठी पुनर्नवा आपल्याकडे शतकानुशतकं आहेतच की. आहेत. पण सूज उतरणं वेगळं, आयुष्य वाढणं वेगळं. या कसोटीवर खुद्द डिजिटॅलिसच्या घराण्यातलं डिजॉक्सिनही उणं ठरलं: १९९७च्या चाचणीत ६,८०० रुग्णांत इस्पितळाच्या खेपा घटल्या, मृत्यू घटले नाहीत. उलट १९८७ साली हृदय थकलेल्या, अतिगंभीर अशा २५३ रुग्णांत एनालाप्रिल या औषधामुळे सहा महिन्यांतले मृत्यू ४४ टक्क्यांवरून २६वर आले.

एनालाप्रिल थोड्या मात्रेत सुरू करून, रक्तदाब आणि मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवत वाढवायचं असतं. म्हणजे इथेही मापाला राखणदार हवा, आणि इथे याच जिल्ह्यातलं जामखेड आठवतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केलं आणि गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर, बायांना आरोग्यसेविका केलं. ते काम हृदयासाठी नव्हतं, हा आक्षेप खरा. बाळंतपणं, बालमृत्यू, कुष्ठरोग हे त्यांचे विषय. पण थकलेल्या हृदयाच्या रुग्णाला सूज उतरवायला देतात त्या लघवीच्या गोळीचं काय होतं पाहा. पायाची सूज ओसरली की गोळी सुटते. खुरपायला जायच्या दिवशी बाई ती मुद्दाम टाळते, कारण रानात आडोसा नसतो. मग पुन्हा धाप, पुन्हा उशाला दोन उशा. डॉक्टरला हे महिन्याने कळतं, तेही विचारलं तर. शेजारच्या गल्लीतल्या बाईला ते त्याच दिवशी कळू शकतं, आणि गोळी दुपारी घरी आल्यावर घे, एवढं तर ती सांगू शकतेच.