कानापुरतें संगीत

ऐरोली हें नांव उच्चारलें कीं आज डोळ्यांपुढें उंच इमारतींच्या रांगा, संगणक-उद्योगाच्या कांचेच्या कचेऱ्या आणि खाडी ओलांडून मुलुंडकडे जाणारा पूल उभा राहतो. शंभर वर्षांपूर्वीं हें ठाण्याच्या खाडीकांठचें आगरी-कोळी वस्तीचें एक खेडें होतें. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, नव्या मुंबईची आंखणी झाली, आणि मागाहून खाडीवरचा पूल व ठाणें-वाशी लोहमार्ग यांनीं या गांवाला महानगराच्या वेशींत आणून सोडलें. वस्ती वाढली तशी घरें एकमेकांच्या अंगाला येऊन भिडलीं. एका घरांतील पाट्या-वरवंट्याचा आवाज दुसऱ्या घरांत ऐकूं यावा, असा हा शेजार आहे.

अशा घरांत ज्याला रॉक संगीताची आवड असेल त्याची मोठी पंचाईत होते. हें संगीत मंद आवाजांत ऐकण्यासाठीं जन्मलेलें नाहीं. ढोलांचा ठोका छातीवर आदळावा आणि विद्युत्-गिटारीचा टणत्कार अंगावर यावा, ही त्याची प्रकृति. उलट शेजारच्या घरांत परीक्षेचा विद्यार्थी असतो, तान्हें मूल असतें, रात्रपाळी करून आलेला मनुष्य दिवसां निजलेला असतो. या दोहोंचा मेळ घालणारें साधन म्हणजे हेडफोन. मात्र तो मध्यम किंमतींत कसा निवडावा, हें दुकानांतल्या जाहिरातींपेक्षां त्याच्या इतिहासावरूनच अधिक चांगलें समजतें.

या इतिहासाचा आरंभ १८८१ सालीं पॅरिस येथें भरलेल्या विद्युत्-प्रदर्शनांत झाला. क्लेमां आदेर या फ्रेंच संशोधकानें नाट्यगृहाच्या रंगमंचावर दूरध्वनीचीं प्रेषकयंत्रें मांडलीं व तारांच्या द्वारें तेथील गायन दूरच्या प्रदर्शनगृहांत पोंचविलें. श्रोत्यांनीं प्रत्येक कानाला एक एक यंत्र लावलें, तेव्हां गायक रंगमंचावर डावीकडून उजवीकडे चालला असल्याचाही भास त्यांना होऊं लागला. दोन कानांना दोन निरनिराळे ध्वनि दिले म्हणजे मनांत एक पूर्ण रंगमंच उभा राहतो, हें सत्य असें अनायासें हातीं लागलें. पुढें १९१० च्या सुमारास अमेरिकेंतील यूटा प्रांतांत नॅथॅनियल बाल्डविन यानें आपल्या स्वयंपाकघरांत बसून अतिशय संवेदनशील असा डोक्यावर घालावयाचा हेडफोन तयार केला, आणि अमेरिकन आरमारानें तो स्वीकारला. त्याचा हेतु संगीत नव्हता. दूरच्या जहाजाची क्षीण खूण ऐकूं यावी, एवढाच होता.

मुंबईकरांच्या कानांवर हें यंत्र चढलें तें नभोवाणीबरोबर. १९२३ सालीं मुंबईच्या रेडिओ क्लबानें ध्वनिक्षेपणास आरंभ केला, आणि २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड अर्विन यांच्या हस्तें झालें. त्या काळीं स्फटिकाचा साधा ग्राहक हा सर्वांत स्वस्त रेडिओ होता. त्याला विजेची बॅटरी लागत नसे. पण आकाशांतून येणाऱ्या शक्तीवरच तो चालत असल्यामुळें ती कर्ण्याला पुरत नसे, हेडफोनालाच काय ती पुरे. घरांत हेडफोन एक आणि ऐकणारे चार, अशी स्थिति असली म्हणजे कोणी एक चमचा एका कानाशीं व दुसरा चमचा दुसऱ्याच्या कानाशीं धरून गाणें वांटून घेई. निर्वात नळ्यांचे रेडिओ स्वस्त झाले, ध्वनिक्षेपक दिवाणखान्यांत आला, आणि संगीत पुन्हां सर्व कुटुंबाचें झालें. हेडफोन मग कचेरींतल्या दूरध्वनि-चालकांकडे व सैनिकांकडे राहिला.

तो पुन्हां घरांत येण्यास दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली यांत्रिक. १९३७ सालीं बर्लिनच्या बायर या कारखान्यानें फिरत्या वेटोळ्याच्या तत्त्वावरील हेडफोन बाजारांत आणला. जुन्या यंत्रांतील लोखंडी पडद्याऐवजीं हलका पडदा व त्याला जोडलेलें तारेचें वेटोळें आल्यामुळें खर्जापासून तारापर्यंतचे सूर बरेच समतोल उमटूं लागले. दुसरी गोष्ट द्विकर्णी ध्वनिमुद्रणाची. १९५८ सालीं अमेरिकेंत मिलवॉकी येथें जॉन कॉस यानें दोन्ही कानांना निरनिराळा ध्वनि देणारा हेडफोन घरगुती श्रोत्यांसाठीं काढला. १९६८ सालीं जर्मनीच्या झेनहायजर कारखान्यानें कानावरची बंद डबी काढून मोकळी गादी बसविली, आणि १ जुलै १९७९ रोजीं सोनी कंपनीच्या वॉकमननें हें यंत्र तरुणांच्या खिशापर्यंत नेलें.

योगायोग असा कीं, कॉसचा हेडफोन ज्या वर्षीं निघाला त्याच १९५८ सालीं पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत फारुख बलसारा नांवाच्या एका पारशी मुलानें सोबत्यांसह 'द हेक्टिक्स' नांवाचा वाद्यवृंद उभारला. हाच मुलगा पुढें फ्रेडी मर्क्युरी या नांवानें 'क्वीन' वृंदाचा गायक झाला. त्यांच्या १९७५ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या गीतांत तीन गायकांचे आवाज फितीवर थरावर थर चढवून अनेकपट केलेले आहेत. ते थर डावीकडे व उजवीकडे कसे वांटले आहेत, हें चांगल्या हेडफोनांत स्पष्ट ऐकूं येतें. साध्या ध्वनिक्षेपकावर तें बहुधा एकमेकांत मिसळून जातें. हेडफोन म्हणजे केवळ तडजोड नव्हे, हें दाखविण्यास एवढें उदाहरण पुरेसें आहे.

मुंबईंत मात्र रॉक संगीत हें मुख्यतः जमावानें ऐकण्याचें होतें. १९८६ सालीं सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा उत्सव पुढें अनेक वर्षें धोबी तलावाजवळच्या रंगभवनांत भरत असे. २००० सालीं ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालयें, विद्यालयें व न्यायालयें यांच्या भोंवतालचें शंभर मीटर क्षेत्र शांतता-क्षेत्र ठरलें, आणि रंगभवनाच्या शेजारीं रुग्णालय व महाविद्यालय दोन्ही असल्यामुळें तेथील गजर थांबला. निवासी भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा त्याच नियमांनीं घातली. १५ डिसेंबर २०१९ रोजीं ऐरोलीपासून थोड्याच अंतरावर, नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणांत 'यू टू' या आयरिश वृंदाचा जलसा झाला; पण असे योग वर्षांतून एखाददुसरे. एरवीं श्रोत्याला स्वतःच्या खोलीचाच आधार.

आतां निवडीकडे वळावें. मध्यम किंमत म्हणजे आजच्या बाजारांत साधारणपणें पांच ते पंधरा हजार रुपये धरावयास हरकत नाहीं. त्याहून अधिक पैसे टाकले म्हणजे ध्वनि तितकाच अधिक चांगला मिळतो, ही समजूत निराधार आहे. २०१७ सालीं एका संशोधकानें २८३ हेडफोनांचीं मापें तपासून प्रसिद्ध केलीं. त्यांत किंमत आणि सुरांचा समतोल यांचा कांहींही संबंध आढळला नाहीं. सोनीचा एक बंद हेडफोन १९९१ पासून ध्वनिमुद्रणगृहांत वापरला जात आहे, आणि तोही मध्यम मोलाचाच आहे.

खरा विचार करावयाचा तो मोकळा कीं बंद, याचा. मोकळ्या गादीच्या हेडफोनांत ध्वनि विस्तीर्ण वाटतो. पण तो बाहेरही झिरपतो, व बाहेरचा गलबला आंत येतो. रस्ता, लोहमार्ग व शेजार यांच्या मध्यें राहणाऱ्यास बंद हेडफोनच हितकर. दुसरी गोष्ट खर्जाची. बास गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ४१ वेळां कंप पावते. गादी कानाभोंवतीं घट्ट बसली नाहीं, चष्म्याच्या काडीनें फट राहिली, तर हाच खर्ज सर्वांआधीं निसटतो. म्हणून चष्मा लावूनच हेडफोन घालून पाहावा. तिसरी गोष्ट वरच्या सुरांची. दोन ते पांच हजार कंपनांच्या टापूंत मनुष्याचा कान अत्यंत तीक्ष्ण असतो, आणि गिटारीचा कर्कशपणा व झांजांचा खणखणाट बराचसा तेथेंच वसतो. हा टापू उगाच चढविलेला हेडफोन पहिल्या पांच मिनिटांत चमकदार वाटतो व तासाभरांत कान शिणवितो. परीक्षा पाहावयाची ती ओळखीचें, संपूर्ण गाणें ऐकून. हेडफोन फोनालाच जोडावयाचा असेल तर विद्युत्-विरोध बत्तीस ओहमच्या आसपास असावा. अडीचशें ओहमच्या हेडफोनाला बहुधा निराळा प्रवर्धक लागतो. गादी व तार बदलतां येत असतील तर तें यंत्र अनेक वर्षें टिकतें.

शेवटचा प्रश्न पैशाचा नसून प्रकृतीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबल आवाज आठवड्यास चाळीस तास ऐकला तर चालतो; दर तीन डेसिबल वाढीमागें ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८९ डेसिबलला पांच तास, आणि ९५ ला जेमतेम सवा तास. कानांतील सूक्ष्म केंसपेशी एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. बंद हेडफोनाचा मोठा गुण येथेंच दिसतो: बाहेरचा गोंगाट अडल्यामुळें आंतला आवाज कमी ठेवूनही गीताचें सर्व अंग ऐकूं येतें. शेजाऱ्याची झोंप राखण्यासाठीं जें यंत्र घरांत आणावयाचें, त्यानें श्रोत्याचे कानही राखले पाहिजेत. एवढें ज्याच्याकडून साधतें तो हेडफोन मध्यम मोलाचा असला तरी पुरेसा उत्तम होय.